कमान की बांध?

वेशीवर सुभेदारांच्या नावाने कमान उभारायची आणि 26 जानेवारीला त्यांच्याच हातून फीत कापून घ्यायची, असं वर्गणीच्या बैठकीत जवळजवळ ठरलं होतं. एसटी थांब्यासमोरच्या कट्ट्यावर मात्र ते कोणी ठरू देईना.

सुभेदार आता 87 वर्षांचे. 1956 ला बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीत भरती, 1971 च्या युद्धात, डिसेंबरात, रेजिमेंटच्या पहिल्या म्हणजे जंगी पलटणीबरोबर आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला, 1980 ला पेन्शन. तेव्हापासून आजपर्यंत धरमतर खाडीकाठच्या याच गावात.

मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. "माणगावात यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. पळसगावचा पोरगा, 10 जुलै 1944 ला इटलीत एकटा मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदुकीच्या दस्त्याने लढला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज कोकणातली शाळेतली पोरं ते नाव घेतात, कारण पुतळा आहे. आपल्या माणसाचं काय राहणार?"

"घाडगे बाविसाव्या वर्षी गेले, मास्तर," नाना म्हणाले. "त्यांचं काम एका सकाळचं, म्हणून ते दगडात बसतं. सुभेदारांचं काम पंचेचाळीस वर्षांचं. आणि ते जमालपूरला झालेलं नाही, बाहेरकाठ्यावर, खाडीकडच्या बांधावर झालंय."

"बांधाचं काय कौतुक? सरकारचा खारभूमी विभाग आहे की त्याला," रिक्षावाला मध्येच बोलला.

इथे नाना तापले. 1979 चा खारजमीन विकास अधिनियम आहे, खातं आहे, सगळं आहे. पण यादीत आलेल्या योजनेचंसुद्धा अंदाजपत्रक होणार, मंजुरी येणार, निविदा निघणार, आणि खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, तोवर थांबत नाही. पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं, आणि दर फेरीला दोन्ही कडा ढासळतात. आज चार टोपल्यांनी बुजली असती ती खांड पुढच्या उधाणाला होडी घालण्याएवढी होते. आपली शेतं उधाणाच्या पातळीच्या खाली आहेत. एकदा खारं पाणी बसलं की दोन-तीन पावसाळे जातात. पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून, बांधातल्या फळीच्या दारातून, सोडायचं, परत कोंडायचं. तोवर पनवेलच्या खारभूमी केंद्राने काढलेला खारट जमिनीतला भातही धड उभा राहत नाही.

"म्हणून जोळ होती, घरटी माणूस बांधाच्या कामाला," मास्तर म्हणाले.

"जोळ होती, पण मोडत आली होती. माणसं मुंबईला गेली, मातीला कोण येणार? सुभेदारांनी आल्याआल्या एक वही घातली. ज्याची जितकी जमीन तितके दिवस. आला नाही तर दंड, आणि दंड सर्वांदेखत वसूल. पहिला दंड स्वतःच्या भावाला. त्यावरून दोन वर्षं घरात बोलणं नव्हतं."

पलटणीची शिस्त म्हणून गाव त्यांना हसायचं, पण त्या शिस्तीत अक्कल होती. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत, ऐन भरतीच्या वेळेला, बांधाच्या आतल्या पायथ्याने चालायचं. ओहोटीला चाललात तर काहीच दिसत नाही. बाहेर पाणी चढलेलं असतानाच झिरपा कळतो. वेळ काढायला त्यांना पंचांगापलीकडे काही लागत नसे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा.

झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर खूण म्हणून काठी रोवायची आणि रोज बघायचं. गढूळ आलं की माती आतून निघतेय असं समजायचं आणि त्याच ओहोटीला खणायचं. बहुतेक वेळा चिंबोरीचं बीळ नाहीतर घूस. लोक चूक करतात ती इथेच. आतल्या बाजूला तोंडावर चिखलाचा गोळा थापतात आणि घरी जातात. पाणी तिथे अडतं आणि शेजारून वाट काढतं. बीळ खाडीच्या बाजूने उघडायचं, शेवटापर्यंत खणत जायचं, मग वीतभर वीतभर चिकणमाती टाकून पायांनी तुडवायची. मुरूम नाही, रेती तर मुळीच नाही.

"आता जेसीबी आहे," रिक्षावाला.

"जेसीबीने गेल्या खेपेचा बांध दोन दिवसांत झाला आणि पहिल्या पावसाळ्यात बसला. का ते सांगू? ओली माती उचलली, ढीग केला, तुडवली कोणीच नाही. आणि माती घेतली बांधाच्या पायथ्यालगतच. पायथ्याशी खड्डा म्हणजे बांधाला घसरायला जागा. शिवाय ओली चिकणमाती सुकताना खाली बसते. माथा हवा त्याहून निदान पावपट उंच घ्यावा लागतो. मशीन वाईट नाही. त्याच्यामागे दहा माणसं तुडवायला लागतात, आणि ती दहा माणसं हेच आपलं दुखणं आहे."

खांड बांधायची रीत नानांना तोंडपाठ. काम भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा पाणी कमी चढतं. आधी तळ सांभाळायचा. दोन्ही कडा जवळ येत गेल्या की मधला प्रवाह जोर धरतो आणि खाली खोल खड्डा पाडतो, म्हणून फांद्या आणि पेंढा दगडाखाली दाबून तळाला अंथरायचा. मग मेढींच्या, म्हणजे लाकडी खुंटांच्या, दोन रांगा ठोकायच्या, त्यात बांबूचा कूड आणि कुडांच्या मध्ये ढेकळं. दोन्हीकडून सारखं पुढे यायचं. शेवटचं तोंड पाणी पूर्ण उतरून थांबतं त्या अर्ध्या-पाऊण तासातच मिटवायचं. तेव्हा माती कमी पडली तर दिवसभराचं काम वाहून जातं, म्हणून शेवटच्या तोंडाची ढेकळं आधीच मोजून काठावर रचून ठेवायची. सुभेदार तिथे उभे राहून ती मोजायचे. लोकांना कंटाळा यायचा.

तिवरांवरून, म्हणजे खारफुटीवरून, कट्टा पुन्हा फाटला. 2005 ला उच्च न्यायालयाने तोड बंद केली, त्यामुळे शेतकरी मेला, असं रिक्षावाल्याचं मत. नाना अर्धे त्याच्या बाजूचे. बांधाबाहेरची तिवरं लाटेचा मार खातात, ती असलीच पाहिजेत. बांधाच्या अंगावर उगवलेलं रोपटं मात्र कोवळं असतानाच दिसायला हवं, कारण मूळ आत शिरलं आणि पुढे कुजलं की आयती नळी तयार. खरा घात खांड चार वर्षं उघडी ठेवल्याने होतो. भरतीबरोबर बी आत येतं, शेतात तिवरांचं रान उभं राहतं, आणि मग ती जमीन कोणी शेत म्हणून परत मागायची कशी? शेजारच्या शिवारात तेच झालं.

वहिनी दुकानातून नारळ घेऊन निघाल्या होत्या. कट्ट्यासमोर थांबल्या.

"सुभेदार पलटणीत होते तेव्हा 1980 पर्यंत बांध कोण बघत होतं, ते सांगा की."

कोणी बोललं नाही.

"काकी, सुभेदारांच्या मंडळी. सासू आंधळी, पोरं लहान, महिन्याला मनीऑर्डर यायची ती कधी दहा तारखेला, कधी वीसला. जोळीला घरटी माणूस पाहिजे, तर टोपली घेऊन त्या जायच्या. सुभेदारांनी वही घातली ती 1980 नंतर. चिखल तुडवणं त्यांना काकींनी शिकवलंय, बेळगावने नाही. कमानीवर दोन नावं लिहिणार का?"

मास्तर म्हणाले, लिहू. वहिनी म्हणाल्या, कमानीचं राहू द्या, आधी पेन्शनच्या कागदावर तरी त्यांचं नीट लिहा.

ही गोष्ट पोस्टातल्या अण्णांना माहीत होती. सुभेदारांच्या 1980 च्या पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, काकींचं नुसतं नाव आहे, तेही माहेरच्या हाकेचं. जन्मतारीख नाही. आज काही अडत नाही, कारण सुभेदारांची स्वतःची वाढ त्यांच्या वयावर चालू आहे. 80 ला 20 टक्के, 85 ला 30, पुढे 90 ला 40. पण उद्या कुटुंब निवृत्तिवेतन काकींना लागलं, तर तीच वाढ त्यांच्या वयावर मोजतात. काकी आज 81 वर्षांच्या. कागदावर तारीखच नसेल तर 20 टक्के लटकले, आणि नाव आधारशी जुळलं नाही तर मूळ रक्कमसुद्धा. हे सुभेदार हयात असताना, त्यांच्या सहीने दुरुस्त करणं फार सोपं. डिस्चार्ज बुक, पीपीओची प्रत, दोघांचं आधार आणि पॅन, नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. लष्करी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवरची माहितीही त्याबरोबर तपासायची. बँकेचं खातं दोघांच्या नावावर, कोणीही एक किंवा हयात असेल तो, असं. मागाहून एकट्या बाईने हेच करायचं म्हणजे हेलपाटे.

"आणि हयातीचा दाखला," अण्णांनी जोडलं. "चिखलात आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे यंत्राला लागत नाहीत. तीनदा नाकारलं की लोक परत जातात आणि पेन्शन थांबते. मोबाईलवर चेहऱ्याने होतो दाखला. घरी जाऊन करायचा."

मास्तर अजून कमान सोडायला तयार नव्हते. माणूस गेल्यावर वही वाळवी खाईल, कमान निदान दिसेल, हा त्यांचा मुद्दा काही खोटा नव्हता. नानांनी त्यावर एक कबूल केलं. सुभेदारांनी सगळं स्वतः केलं, दुसरा माणूस तयार केला नाही. दंड ते लावणार, ढेकळं ते मोजणार, भरतीला ते चालणार. गावाला सवय लागली. गेली तीन वर्षं त्यांचे गुडघे चालत नाहीत आणि वहीत एक ओळ नाही.

"मग पोरांना घेऊन चला," मास्तर म्हणाले. "मी शाळेतली आठवी-नववी आणतो. पण कमानीचा ठराव मागे घेणार नाही."

"घेऊ नका. वर्गणीतून आधी उघाडीची नवी फळी करा, जुनी खालून कुजलीय, भरतीला घट्ट मिटत नाही. उरलं तर कमान."

"उरणार नाही."

"ते बघू."

उघाडीचं काम अष्टमीला ठरलं. आठाची पाऊणपट, सहाला भरती, बाराला पाणी तळाला. नऊ ते तीन काम. मेढी रिक्षावाल्याच्या टेम्पोतून, भाडं वर्गणीतून. सुभेदारांना खुर्चीवर बसवून बांधावर न्यायचं की नाही, यावर कट्टा साडेनऊपर्यंत भांडत होता.