आईला खांदेरीला नेल्याबद्दल ज्यांनी मला बोल लावले, त्या सर्वांसाठी

म्हाताऱ्या आईवडिलांना कुठे न्यावे याची एक अलिखित यादी आपल्याकडे असते. तिच्यात डोलीची किंवा लिफ्टची सोय असलेली देवस्थाने असतात, जेवण वेळेवर देणारे एखादे रिसॉर्ट असते आणि फार तर मोटारीच्या काचेतून दिसणारा घाट असतो. ही यादी मुले ठरवतात. ज्यांना जायचे असते त्यांना कोणी विचारत नाही. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या 74 वर्षांच्या आईला अलिबागजवळच्या थळहून होडीने खांदेरी या समुद्रातल्या किल्ल्यावर नेऊन त्याच दिवशी परत आणले, तेव्हापासून नात्यागोत्यात जे काही ऐकावे लागत आहे, त्याला सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहे. 'हे काय वय आहे का तिचे,' हा माझ्या थोरल्या भावाचा प्रश्न त्यातल्या त्यात सौम्य होता.

ज्यांनी खांदेरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर दोन बेटे दिसतात, जवळचे उंदेरी आणि त्याच्या पलीकडचे, दीपगृह असलेले, खांदेरी. वाळूची पुळण, नारळीची बाग असे तिथे काही नाही. खडक, दोन टेकड्या, त्यांना वेढून असलेली तटबंदी आणि तटाखाली चोहोबाजूंनी पसरलेले ओबडधोबड दगड, एवढेच ते बेट आहे.

आईचे माहेर याच पट्ट्यातले. दीपगृह 1867 मधले, त्यामुळे तिच्याच काय, तिच्या आजीच्याही बालपणी त्याचा प्रकाश रात्री फिरताना दिसत असणार. तिचे वडील आणि भाऊ वेताळाच्या दर्शनाला बेटावर जाऊन आले होते. मुलींना कोणी नेले नाही. पुढे लग्न होऊन ती मुंबईला आली आणि दोन खोल्यांच्या संसारात हा विषय निघण्याचे काही कारणच उरले नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्गाबरोबर खांदेरीचे नाव आले, आणि बातमी वाचून झाल्यावर आई म्हणाली, 'आता तरी मला ने.' या 'आता तरी'ला उत्तर देताना मी तिच्या गुडघ्यांचे कारण पुढे करणे मला शोभले नसते.

तिच्या सुरक्षिततेची काळजी मी घ्यावी असे सगळ्यांचे म्हणणे होते, पण प्रत्यक्षात सहलीचे वेळापत्रक तिनेच आखले. तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, फोनवर 'सकाळी आठला या' एवढेच सांगितले होते. आईने कालनिर्णय काढले, द्वादशी पाहिली, बाराची पाऊणपट नऊ असा हिशेब केला आणि सांगितले की नऊला भरती पूर्ण होईल, तीनला पाणी तळाला जाईल, म्हणून साडेबाराच्या पुढे बेटावर थांबायचे नाही. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरच्या घरांमधला साधा हिशेब आहे आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो. माझ्या मोबाईलमधल्या अ‍ॅपने सांगितलेली वेळ याच्या आसपासचीच निघाली.

बेटाच्या धक्क्याला होडी लागते तेव्हाचा प्रसंग मात्र खरोखर नाजूक असतो, हे मी लपवत नाही. होडी लाटेबरोबर हातभर वर जाते, हातभर खाली येते, आणि काठ व धक्का एका पातळीवर येतात तो क्षण पकडावा लागतो. आईने चपला काढून माझ्या हातात दिल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि होडीच्या काठावर बसून घेतले. 'आजी, मी सांगेन तेव्हाच पाय टाका,' असे तांडेल म्हणाला. त्याने दोन लाटा जाऊ दिल्या, तिसरीला 'हां' म्हटले, आणि ती धक्क्यावर होती. माझ्या वेळी त्याला दोनदा 'हां' म्हणावे लागले.

किल्ल्याचा इतिहास मी वाचून गेले होते, पण तो त्या धक्क्यावर उभे राहिल्यावर जास्त कळतो. 1679 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याला इथे तट बांधायला पाठवले. मुंबई बंदराच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला उभा राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. ऑक्टोबरमध्ये समोरासमोर लढाई झाली, तरीही रात्रीच्या वेळी किनाऱ्यावरून लहान मराठी होड्या रसद घेऊन बेटावर पोहोचतच राहिल्या. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना उथळ पाण्यात त्यांचा पाठलाग करता येईना. अखेर इंग्रजांनी तडजोड केली. जंजिऱ्याच्या सिद्दीने मात्र 1680 च्या आरंभी शेजारची उंदेरी बळकावली आणि पुढे कित्येक वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली. तटाखालचे दगड मुद्दाम तसे टाकलेले आहेत. त्यांच्यावर लाटही फुटते आणि शत्रूला होडी लावता येत नाही.

परत निघेपर्यंत पाणी बरेच उतरले होते आणि ते दगड उघडे पडले होते. त्यांच्यावर कालवांचा, म्हणजे खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांचा, थर होता. लहानपणी ओहोटीला कालवे फोडायला गेलेल्या आईला त्यांच्या कडांनी तळपाय कसा चिरतो हे ठाऊक होते, त्यामुळे इथे अनवाणी मावळा किंवा गोरा सोल्जर उतरला तर त्याचे काय होईल, हे तिने मला इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमके सांगितले. त्याआधी तिने वेताळाला नारळ वाढवला होता, गाड्यावर चढवलेल्या तोफेवर हात ठेवून पाहिला होता आणि धातूसारखा वाजणाऱ्या त्या प्रसिद्ध खडकावर खड्याने ठोकूनही पाहिले होते. दीपगृहाची टेकडी तिने अर्ध्यावर सोडली. गुडघे दुखू लागले होते, आणि ते ओळखायला तिला माझी गरज पडली नाही.

आता वारसा म्हटला की 'विकास' आलाच. कोणी रोपवे सुचवील, कोणी काँक्रीटचा रुंद धक्का, कोणी उपाहारगृह, आणि हे सगळे ज्येष्ठांच्या सोयीसाठी आहे असेही सांगितले जाईल. माझा त्याला विरोध आहे. जिथे उतरणे अवघड असावे म्हणून एवढे दगड टाकले, तिथले दगड हटवून उतरणे सोपे करण्यात कसले जतन आहे? आईला त्या दिवशी लागले असते ते फारच थोडे होते: होडीतून उतरताना धरायला एक मजबूत कठडा, तिच्या अंगाला बसेल अशा मापाचे लाइफ जॅकेट, थळच्या धक्क्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फळा, आणि स्वच्छतागृह. यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. तिथे सोय असेल की नाही याची खात्री नसल्यामुळे तिने पहाटेपासून दोन घोटांपलीकडे पाणी घेतले नव्हते. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, त्या वयात, हा खरा धोका होता, आणि मला बोल लावणाऱ्यांपैकी एकालाही तो सुचलेला नाही. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे. जागतिक वारशाच्या निमित्ताने काही करायचेच असेल तर स्वच्छतागृहापासून सुरुवात व्हावी.

आईने आता उंदेरीचे नाव काढले आहे. तिथे धक्का नाही, होडीतून थेट शेवाळलेल्या खडकावर पाय टाकावा लागतो, म्हणून मी नाही म्हटले आहे, पण ते तिच्या वयामुळे नव्हे. तिथे मलाही उतरता येईल असे मला वाटत नाही. तिचे म्हणणे आहे की तांडेलाला विचारून तर पाहू, आणि तेवढे मी विचारणार आहे.