समीकरणं तीच, मग पेपर वेगळे का शोधायचे?

नमस्कार. आइन्स्टाईनच्या गुरुत्व सिद्धांताच्या पर्यायी मांडण्यांचं क्वांटायझेशन, म्हणजे त्यांना क्वांटम रूप देणं, यावरचे पेपर कसे शोधावेत हे मी लिहिलं होतं; त्यावरच्या सडेतोड प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. टेलिपॅरलल म्हणा (वक्रतेऐवजी अवकाश-काळाच्या पिळातून गुरुत्व मांडणारी), पॅलाटिनी म्हणा (मेट्रिक, म्हणजे अंतरं ठरवणारी राशी, आणि कनेक्शन, म्हणजे दिशांची तुलना करणारी राशी, स्वतंत्र धरणारी), शेवटी समीकरणं आइन्स्टाईनचीच निघतात, तेव्हा त्यांच्या क्वांटायझेशनवरचे वेगळे पेपर धुंडाळणं हा रिकामटेकडा उद्योग आहे, हा पहिला. आणि मी वाचनाची सरळ यादी न देता 'असं शोधा, तसं शोधा' करत बसलो, हा दुसरा.

पहिल्यात थोडं तथ्य आहे. विक्षोभ पद्धतीनं (लहान दुरुस्त्या पायरीपायरीनं मिळवत) प्रकीर्णनाची, म्हणजे कणांच्या टकरींची, गणितं करताना नुसती चलं बदलून काही हाती लागत नाही. गोरॉफ आणि सॅन्योत्ती यांनी 1985 मध्ये दोन लूपच्या पातळीवर (क्वांटम दुरुस्त्यांच्या दुसऱ्या पायरीवर) दाखवलेला अनंत तसल्या कसरतीनं जात नाही. पण तुम्ही यावरून 'म्हणून सगळं सारखंच' इथवर उडी मारता, ते मला पटत नाही. होल्स्ट यांनी 1996 मध्ये पॅलाटिनी ॲक्शनमध्ये (ज्या राशीतून समीकरणं निघतात तिच्यात) एक जादा पद घातलं. पदार्थ नसताना ते अभिजात (क्वांटम नसलेल्या) समीकरणांत कुठेच उमटत नाही. पण त्याच्या सहगुणकात बसलेला इमिर्झी पॅरामीटर लूप क्वांटम ग्रॅव्हिटीत (हा गुरुत्वाचा एक क्वांटम सिद्धांत; वरच्या लूपशी गल्लत नको) क्षेत्रफळाच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे शक्य मूल्यांच्या यादीत, थेट गुणक म्हणून येतो. तो बदला, की क्षेत्रफळाच्या पायऱ्यांची उंची बदलते. समीकरणांना ज्याचा पत्ताच नाही, ते क्वांटम पातळीवर असं समोर येऊन उभं राहतं! दोन अवकाश आणि एक काल अशा मितींमध्ये तर विटेन यांनी 1988 मध्ये गुरुत्व चर्न-सायमन्स रूपात (कनेक्शनवर उभ्या असलेल्या एका सिद्धांताच्या रूपात) लिहिलं आणि मेट्रिकच्या भाषेत हाताबाहेरचं वाटणारं क्वांटायझेशन आवाक्यात आलं.

आता यादीबद्दल. शोधखिडकीत 'टेलिपॅरलल' आणि 'क्वांटम' टाकून बघा. ढिगानं येतात ते एफ-टी मॉडेलवरचे (टेलिपॅरलल मांडणीत फेरफार करून केलेल्या) कॉस्मॉलॉजीचे पेपर, त्यातही डार्क एनर्जीचे जास्त. (क्वांटायझेशन पुष्कळदा शेवटच्या परिच्छेदात, 'पुढे बघू' या वायद्यावर.) खरं काम 'हॅमिल्टोनियन', 'कन्स्ट्रेंट', 'डिरॅक' या शब्दांमागे असतं, कारण कॅनॉनिकल वाटेनं (स्थान-संवेगासारख्या चलांच्या जोड्या घेऊन) जायचं तर कन्स्ट्रेंटचं, म्हणजे चलांवरच्या बंधनांचं, बीजगणित आधी बंद व्हावं लागतं. मालुफ यांचा टेलिपॅरलल मांडणीवरचा 1994 चा पेपर त्याच जातीचा. प्लेबान्स्की यांच्या 1977 च्या मांडणीचे क्वांटम वारस तर 'स्पिन फोम' या नावाखाली नांदतात. मूळ नावानं शोधलंत तर निम्मं हुकेल.

म्हणून मी संदर्भांच्या साखळीवर (कोण कुणाला उद्धृत करतं त्यावर) जोर दिला. युनिमॉड्युलर गुरुत्वाचंच बघा. तिथे मेट्रिकचा डिटर्मिनंट (आकारमान ठरवणारी राशी) बांधून ठेवतात आणि कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट (रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेसारखा स्थिरांक) इंटिग्रेशनचा स्थिरांक बनून येतो. अन्रू, तसंच हेनो आणि टायटेलबॉइम यांनी 1989 मध्ये दाखवलं, की या मांडणीत काळाचं काम करणारं एक चल हाती येतं, म्हणजे व्हीलर-डीविट समीकरणात (कॅनॉनिकल क्वांटम गुरुत्वाच्या मूळ समीकरणात) न सापडणारा काळ परत मिळण्याची आशा. ही आशा वाचून हुरळून जाणं सोपं आहे. पण अन्रू यांचा पेपर इन्स्पायर या पेपरांच्या सूचीवर उघडून तो कुणी-कुणी उद्धृत केलाय ते पाहिलंत, की 1991 चा कुखार यांचा पेपर भेटतो, आणि तो ही आशा चांगलीच खाली आणतो: हा काळ अवकाशभर एकच आकडा देतो, काळाचा प्रश्न सोडवायला तेवढं पुरत नाही. मी यादी दिली असती आणि तुम्ही पहिल्याच नावावर थांबला असतात, तर ही उलट बाजू राहून गेली असती.

आर्काइव्ह या खुल्या पेपर-संग्रहावर जीआर-क्यूसी (सापेक्षता आणि क्वांटम कॉस्मॉलॉजी) आणि हेप-टीएच (उच्च-ऊर्जा भौतिकीचे सिद्धांत) दोन्ही विभाग चाळा. युनिमॉड्युलरवरची कॅनॉनिकल मंडळी सहसा पहिल्यात दिसतात, विक्षोभ पद्धतीनं लूपची गणितं करणारी दुसऱ्यात, आणि एकमेकांचे संदर्भ देण्यात दोघांचाही हात आखडता असतो. तुम्हाला विक्षोभ पद्धतीत रस दिसतोय, तेव्हा सुरुवात हेप-टीएचपासून करा. युनिमॉड्युलर आणि नेहमीच्या सिद्धांताची लूपच्या पातळीवर तुलना करणारे पेपर तिथे आहेत आणि त्यांचं आपसातही एकमत नाही. ते वाचून 'सगळं सारखंच' हे मत कायम राहिलं तर जरूर लिहा, फक्त कोणत्या गणिताच्या आधारावर तेही सांगा.