गाडीचा त्याग

परवा वॉशिंगवाल्या पोरानं असा काय फवारा मारला की माझ्या टाटा टियागो गाडीच्या मागच्या नावातला शेवटचा ओ उडाला. गटारीत गेला का कुठं, आणि वर मलाच म्हणतोय, 'आधीच नव्हता दादा.' म्हणून काल आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका रेडियमवाल्याकडं गेलो.

तिथं बाकड्यावर एक आजोबा, गालात तंबाखूचा बार. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक अक्षर लावत वाचलं. 'टि... या... ग. त्याग! कुणी केलाय? तुमी का बँकेनं?' दुकानातली पोरं फिदीफिदी. माझे अजून २२ हप्ते राहिलेत, हसू कुठनं येणार.

अब्रू वाचवायला मी ज्ञान पाजळलं. म्हटलं, आजोबा, हिचं आधीचं नाव झिका होतं, २०१६ ला त्याच नावाची साथ गाजली म्हणून कंपनीनं बदललं.

'बदललं कशाला? म्हागं कोण चिकटून गाडी आणली नसती.'

मग मी पेटलोच. महिंद्रानं इलेक्ट्रिक गाडीला बीई सिक्स ई नाव दिलं तर इंडिगो विमानवाले दिल्ली हायकोर्टात, सिक्स ई हा आमच्या विमानांचा कोड म्हणून, आणि डिसेंबर २०२४ ला महिंद्रानं तो ई काढून नुसतं बीई सिक्स केलं. पोर्शेनं नवी गाडी ९०१ म्हणून आणली, तर प्यूजो ही फ्रेंच गाडीकंपनी म्हणे तीन आकड्यात मधला शून्य आमचा, मग १९६४ ला तिची ९११ झाली.

आजोबांनी उठून बाहेर पिचकारी मारली, परत येऊन बसले.

'शून्य आपल्या हितनं गेलाय न्हवं? मग त्यो त्येंच्या नावावर कवा चढला? सातबारा बघितला व्हय कुणी?'

कोण बोलणार यावर. खरं मला तिथंच चिडायला झालं. एका ई साठी वकील उभं राहत्यात, आणि आमचं नाव म्हणजे गावजेवण. आमच्यात कुणाच्या घरी न शिजणारी व्हेज कोल्हापुरी पुण्यामुंबईच्या प्रत्येक मेनूवर. चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी २०२५ ला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तसलीच चप्पल मिरवली, तीही आधी कोल्हापूरचं नाव न घेता. बोंबाबोंब झाली तेव्हा आठवलं त्यांना.

तेवढ्यात दुकानदार म्हणाला, 'सुट्टा ओ येत न्हाई. पाची अक्षरं घ्यायला लागतील.'

३५० रुपये. घासाघीस केली, आजोबापण माझ्या बाजूनं बोलले, तरी एक रुपया कमी केला नाही.

ओ लावलाय. उरलेला त्याग डिकीत पडून आहे, कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा.