टी-३४ ची नक्कल केली असती तरी जर्मनी जिंकली नसती

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, 'मामा, एकदम लॉजिकल आहे.' हाच मजकूर याआधीही दोन-तीन ठिकाणांहून आला होता, तेव्हा सोडून दिला. आता सोडवत नाही.

दावा असा आहे: दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, रशियन टी-३४ रणगाडा हाती लागल्यावर जर्मनीने पँथर आणि टायगर या स्वतःच्या रणगाड्यांचा महागडा नाद सोडून त्याचीच हुबेहूब नक्कल करायला हवी होती. जर्मन कारागिरीमुळे ती मूळ रणगाड्यापेक्षा सरस झाली असती, मजूर 'जिंकलेल्या प्रदेशातून हवे तितके' मिळाले असते, १९४४ पर्यंत पन्नास हजार रणगाडे उभे राहिले असते आणि युद्ध जिंकता आलं असतं.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. ऑक्टोबर १९४१ मध्ये रशियातल्या म्त्सेन्स्कजवळ टी-३४ नी जर्मनांच्या चौथ्या पँझर (म्हणजे रणगाड्यांच्या) डिव्हिजनला चांगलंच चोपलं. त्यानंतर आघाडीवरचे अधिकारीच म्हणत होते की आम्हाला हाच रणगाडा बनवून द्या. खुद्द गुडेरियन या जर्मन रणगाडा-सेनापतीने आठवणींत तसं लिहिलंय. पण अडचणही त्यानेच लिहून ठेवली आहे. टी-३४ चं ॲल्युमिनियमचं डिझेल इंजिन लागेल त्या वेगाने बनवणं जर्मनीला शक्य नव्हतं आणि मिश्र पोलादाचाही तुटवडा होता. पँथर घाईने उतरवला हेही खरं. चाकाला जोर पोचवणारा त्याचा शेवटचा गिअरसंच इतका कच्चा होता की युद्धानंतर पँथर वापरणाऱ्या फ्रेंच सैन्याने त्याचं सरासरी आयुष्य १५० किलोमीटर नोंदवलं. पण पँथर कच्चा होता म्हणून नक्कल आपोआप यशस्वी ठरत नाही.

कारागिरीचा मुद्दा तर साफ उलटा आहे. कसबी हातांची गरज कमी केली म्हणूनच टी-३४ हजारोंनी निघाले. १९४१ च्या शरदात खारकोव्हचा १८३ नंबरचा कारखाना उचलून उरलमध्ये निझ्नी तागीलला नेला. येव्गेनी पातोनची वेल्डिंगवर संशोधन करणारी संस्थाही कीव्हहून तिथेच आली आणि तिने स्वयंचलित वेल्डिंग बसवलं. चिलखती पत्र्यांच्या सांध्यावर फ्लक्सच्या (वितळलेला धातू हवेपासून झाकणाऱ्या) भुकटीचा थर, त्याखाली जळणारी आणि डोळ्याला न दिसणारी विजेची ज्योत, आणि सांध्यावरून एकसारखं सरकत जाणारं यंत्र. मुरलेला वेल्डर लागत नव्हता, नवख्या पोरांनाही ते चालवता येई. १९४१ ते १९४३ या काळात एका रणगाड्याचा खर्च जवळपास निम्म्यावर आला तो अशा बदलांमुळे.

आता ते 'मजूर हवे तितके'. खरं तर या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलो.

मार्च १९४२ मध्ये फ्रिट्झ साउकेल या नाझी अधिकाऱ्याला मजूर पुरवण्याचं काम दिलं गेलं. दोन वर्षांनी एका बैठकीत त्यानेच सांगितलं की आलेल्या पन्नास लाख परदेशी मजुरांपैकी दोन लाखही स्वखुशीने आलेले नाहीत. गावं वेढून माणसं उचलली जात. युक्रेनमधल्या पोरी छातीवर 'ओस्ट' (पूर्व) असा बिल्ला शिवून यंत्रांसमोर उभ्या असत. ऑगस्ट १९४४ पर्यंत परदेशी मजूर आणि कामाला लावलेले युद्धकैदी मिळून आकडा ७६ लाखांच्या आसपास गेला. म्हणजे फॉरवर्डवाला जे 'करायला हवं होतं' म्हणतो, ते त्यांनी केलंच होतं. या गुन्ह्यांसाठी साउकेलला न्यूरेंबर्गच्या खटल्यात फाशी झाली. आणि सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाख मेले, त्यातले वीस लाख तर फेब्रुवारी १९४२ पर्यंतच, उपासमारीने, थंडीने, साथीने, गोळ्यांनी. ज्यांना कारखान्यात आणायचं म्हणता, त्यांतल्या कितीकांना त्याच राजवटीने आधीच मारून टाकलं होतं. माणसं पकडून आणणं हा हिशेबातला एक रकाना समजणारा मजकूर शिकल्यासवरल्या पोराला लॉजिकल वाटतो, याचा मला संताप येतो.

पन्नास हजारांच्या आकड्यावर जास्त वेळ घालवत नाही. युद्धात सोव्हिएत सैन्याने सुमारे ४५ हजार मध्यम रणगाडे, म्हणजे मुख्यतः टी-३४, गमावले. असं नुकसान सोसायला प्रत्येक रणगाड्यामागे नवी माणसंही लागतात, आणि ती जर्मनीकडे नव्हती.

राहिलं इंधन. टी-३४ डिझेलवर चाले. जर्मनीत कोळशापासून मुख्यतः पेट्रोल बनत होतं आणि डिझेल पाणबुड्यांना लागत होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बॉम्बहल्ल्यांचा परिणाम तपासणाऱ्या अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक बॉम्बिंग सर्व्हेचा १९४५ चा सारांश अहवाल कुणालाही वाचता येतो. मे १९४४ मध्ये या कारखान्यांवर बॉम्बहल्ले सुरू झाले तेव्हा कृत्रिम इंधनाचे कारखाने महिन्याला सरासरी ३ लाख १६ हजार टन माल काढत होते. जूनमध्ये ते १ लाख ७ हजारांवर आले, सप्टेंबरमध्ये १७ हजारांवर. त्याच अहवालात पुढे आहे की १९४५ च्या सुरुवातीला पोलंडमधल्या व्हिस्टुला नदीवर बारानोव्हजवळ जर्मनांनी १,२०० रणगाडे जमवले होते. पेट्रोल नसल्याने ते जागचे हलले नाहीत आणि रशियन फौजांनी ते तिथेच गाठून संपवले. हे बाराशे तर बनून तयार होते. आणखी पन्नास हजार कशावर चालणार होते, ते हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी आधी लिहावं.