जनुकीय धोका आणि आजाराचा वेग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मल्टिपल स्क्लेरोसिसवरच्या (शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूवरच हल्ला करते, त्या आजारावरच्या) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'जनुकीय चाचणीतून आजार किती वेगाने वाढणार हे कळतं, आणि तुम्ही रुग्णांना अंधारात ठेवता,' असं तुम्ही म्हणता. मतभेद असू द्या. पण लपवाछपवीचा आरोप कशाच्या बळावर? अशा रुग्णांचं जनुकीय समुपदेशन हे माझं रोजचं काम आहे. रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाला काय सांगायचं, याचा विचार न करता मी लिहीत नाही.

आजार होण्याचा धोका वेगळा आणि झालेल्या आजाराची वाटचाल वेगळी. एचएलए-डीआरबी१*१५:०१ (थोडक्यात १५:०१) या रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकाच्या प्रकारामुळे युरोपीय वंशाच्या लोकांत धोका साधारण तिप्पट होतो. तरीही तो असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता ढोबळमानाने चारात एक. २०१९ साली ४७ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून धोक्याशी जोडलेल्या, डीएनएमधल्या २३३ जागा पुढे आल्या. त्यातल्या बऱ्याचशा रोगप्रतिकारक पेशींच्या कामाशी निगडित आहेत.

मग वेगाचं काय? २०२३ साली १२ हजारांहून अधिक रुग्णांत नेमकं हेच तपासलं गेलं. धोक्याच्या जागांचा तीव्रतेशी संबंध दिसला नाही. सापडली ती निराळीच जागा, डीवायएसएफ आणि झेडएनएफ६३८ या जनुकांच्या परिसरातली. आई आणि वडील दोघांकडूनही ती आलेल्यांना चालताना आधाराची गरज मध्यकाने ३.७ वर्षं आधी लागली. हा आकडा गटाचा आहे. समोरच्या एका माणसाच्या हाती काठी कधी येईल, ते त्यावरून सांगता येत नाही.

एक मुद्दा तुमचा बरोबर आहे: १५:०१ असलेल्यांत आजार थोड्या कमी वयात सुरू होतो. पण सुरुवातीचं वय म्हणजे वेग नव्हे.

वेगाचा अंदाज डॉक्टर आजही एमआरआयवरचे डाग (मज्जारज्जूत ते आहेत का, हे विशेष), सुरुवातीच्या अटॅकमधलं अंतर, अटॅकनंतर किती भरून आलं आणि पाठीच्या पाण्यातले ऑलिगोक्लोनल बँड (तपासणीत दिसणाऱ्या प्रथिनांच्या पट्ट्या) यांवरूनच बांधतात. धूम्रपानाने वाटचाल बिघडते, आणि ते सोडणं रुग्णाच्या हातात आहे. 'जनुक निगेटिव्ह' (म्हणजे चाचणीत तो प्रकार सापडला नाही) म्हणून कुणी औषध बंद केलं, तर काही त्रास जाणवत नसतानाही मेंदूत नवे डाग पडत राहू शकतात. झालेली इजा मग पूर्ण भरून येईलच असं नाही. तुमच्या त्या एका वाक्याचा मला राग आला तो यासाठी. रुग्ण अशी वाक्यं वाचतात आणि त्यावर निर्णय घेतात.

लेखाची लांबी आणि 'परदेशी आकडे' या तुमच्या तक्रारींबद्दल इथे वाद घालत नाही. मुंबईच्या पारशी समाजात हा आजार इतर भारतीयांपेक्षा जास्त आढळतो, हे १९९० सालीच प्रसिद्ध झालं आहे, तेवढं मात्र वाचून घ्या. आणि पुन्हा लिहाल तेव्हा चाचणीचं नाव आणि तुमच्या दाव्याचा आधार सोबत द्या. 'अंधारात ठेवता' या भाषेला मी यापुढे उत्तर देणार नाही.