चांगथांग म्हणजे मोकळं रान नव्हे

आत्या पुढच्या महिन्यात लडाखला निघालीय. तिच्या भिशीच्या ग्रुपवर तिथल्या चांगथांग या उंच पठाराबद्दल ‘चांगथांगला जाताय? वाचाच!’ असा मेसेज फिरतोय. तिने तो मला पाठवून विचारलं, ‘खरं का रे?’ आत्या, बहुतेक सगळं खोटं आहे.

‘पठार ओसाड आहे, कुणाच्याच मालकीचं नाही. गाडी हवी तिकडे घाला. कियांग, म्हणजे रानगाढवं, दिसली की शर्यत लावा, भन्नाट व्हिडिओ मिळतो.’ हे वाचून डोकंच फिरलं. चांगथांग १९८७ पासून अभयारण्य आहे. कियांग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्याच पंक्तीत बसतो. त्याच कायद्याचं कलम २७(४) स्वच्छ सांगतं: अभयारण्यात प्राण्यांना छेडायचं नाही, कचराही टाकायचा नाही. पुढे वाद घालायला जागा कुठे उरते? गाडी मागे लागली की अख्खा कळप उधळतो, पाठोपाठ नवं शिंगरूही जीव तोडून पळतं. उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत चरून अंगावर धरलेल्या चरबीवर त्यांना उणे तीस अंशांचा हिवाळा काढायचा असतो. ती तुमच्या रीलसाठी जाळायची?

आणि ओसाड कशाला म्हणता? झऱ्याकाठची बोटभर गवताची ती हिरवी पट्टी चांगपा मेंढपाळांचं कुरण आहे. कुठल्या कुरणात कुणी कधी जायचं, हे गोबा, म्हणजे त्यांचा मुखिया, लोकांना घेऊन ठरवतो. याकच्या केसांचे ‘रेबो’ तंबू उचलून लोक त्याप्रमाणे हलतात. त्याच दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच जमिनीवर अंडी घालतात. तिथे तुम्ही चाकं फिरवणार!

‘गवत मेंढपाळच संपवतात’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. पश्मिन्याला, म्हणजे शेळीच्या मऊ लोकरीला, भाव आला तशा कळपांत शेळ्या वाढल्या. पण १९६२ च्या चीन युद्धानंतर हिवाळी कुरणं हातची गेली, तिबेटमधून निर्वासित कळप घेऊन आले, हे मेसेजवाल्याने गाळलंय. आणि मेंढपाळांवर बोट दाखवून टायरखालचं गवत परत उगवत नाही.

‘मार्मोटना बिस्किटं द्या.’ मार्मोट म्हणजे बिळात राहणारी गुबगुबीत खार. अजिबात नको. मैदा-साखर त्यांचं अन्न नाही, आणि रस्त्याला सोकावले की चाकाखाली येतात.

‘कापूर हुंगला की ऑक्सिजन वाढतो.’ नाकाला गार वाटतं, एवढंच. रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर, चांगथांगमधलं कोरझोक गाव साडेचार हजारांवर. आत्या, लेहला निदान दोन रात्री पूर्ण आराम कर. तुझ्या बीपीच्या डॉक्टरांना निघण्याआधी भेट. वर डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, तर कापूर शोधत बसू नकोस, ड्रायव्हरला गाडी खाली घ्यायला सांग.