तोच हा, शंभर टक्के

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना सोडलं, त्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता जाळ झाला. साक्षीदार फार उशिरा पुढे आले, ओळख परेड (साक्षीदाराने रांगेतून संशयिताला ओळखणं) घेणाऱ्या अधिकाऱ्याला तसा अधिकारच उरला नव्हता, अशी कारणं निकालात होती. (तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नका.) पुण्याच्या माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, लिहिलं, "लोकांनी डोळ्यांनी बघितलंय. अजून काय पाहिजे यांना?"

मला आठवली ती काही वर्षांपूर्वी इंग्लंडात आलेली ज्युरीची नोटीस. ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे बारा सामान्य नागरिक. माझा पासपोर्ट भारताचाच आहे, पण राष्ट्रकुलातल्या नागरिकाला इथे मतदार यादीत नाव घालता येतं, आणि यादीत नाव आलं की ज्युरीची पाळीही येऊ शकते. आम्ही बारा जणांनी खोलीत काय चर्चा केली ते सांगणं इथे गुन्हा आहे, म्हणून सांगत नाही. न्यायाधीश उघड कोर्टात जे बोलले ते मात्र सांगता येईल.

ते म्हणाले, ओळख पटवणारा साक्षीदार अगदी प्रामाणिक असेल, त्याचं बोलणं मनाला पटेल, तरीही तो चुकलेला असू शकतो. एकापेक्षा जास्त साक्षीदारांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं तरी ते सगळे चुकलेले असू शकतात. मग त्यांनी एकेक प्रश्न समोर ठेवला. किती वेळ पाहिलं? किती अंतरावरून? उजेड कसा होता? मध्ये काही आड होतं का? आधीची ओळख होती का? पाहिल्यापासून पोलिसांसमोर ओळखेपर्यंत किती दिवस गेले? पहिलं वर्णन आणि समोरचा माणूस यांत फरक आहे का? ओळखीचा माणूस ओळखतानाही चूक होते, हेही ते म्हणाले. या इशाऱ्याला इथे 'टर्नबुल' म्हणतात, १९७६ च्या एका अपिलावरून.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. ओळख परेड हा मुख्य पुरावा नव्हे, फक्त दुजोरा, हे आपली न्यायालयं कित्येक वर्षं सांगत आली आहेत. पण ज्युरी आपल्याकडून कधीच गेली. त्यामुळे हा इशारा सामान्य माणसाच्या कानावर पडतच नाही. तो इंग्रजी निकालपत्राच्या शेकडो पानांत राहतो आणि टीव्हीवर येतं ते एवढंच, 'निर्दोष सुटले'. मग दादासारख्याला दोनच शक्यता दिसतात: साक्षीदार खरा, नाहीतर फुटलेला. खरं बोलून चुकलेला साक्षीदार या हिशोबात बसतच नाही. कान आणि डोळ्यात चार बोटांचं अंतर, हे लहानपणापासून ऐकलेलं. डोळ्यावर शंका घ्यायला कुणी शिकवलं नाही.

नाशिकची गोष्ट मी ग्रुपवर लिहायला घेतली ती म्हणूनच. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पैसे, मंगळसूत्र, घड्याळं गेली, बलात्कार झाले, पाच माणसं मारली गेली. आई आणि एक मुलगा वाचले. दोनच दिवसांनी त्या आईने पोलिसांच्या फोटो अल्बममधून चौघांना ओळखलं. त्या चौघांवर खटला चाललाच नाही. उभे राहिले ते वेगळेच सहा जण, भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. पुढे ओळख परेड झाली, कोर्टातही ओळखलं गेलं. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशीच सुनावली. नंतर कळलं की त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली आणि तपासात कसूर करणारे अधिकारी शोधा असं सरकारला बजावलं. तोवर सोळा वर्षं गेली होती.

त्या आईने जे सोसलं ते सोसलेल्या कुणालाही मी खोटं म्हणणार नाही. चेहरे तिने रात्री, मरणाच्या भीतीत पाहिले. पण अल्बममधले चार चेहरे बाजूला ठेवणारे लोक भीतीत नव्हते.

भटक्यांचे चेहरे इतक्या सहज अदलाबदल होतात, हे पुण्यात असताना मला जाणवलं नसतं. तिथे माझा चेहरा माझा होता, आडनावासकट. इथे शेजारच्या आजीबाई सहा वर्षं मला माझ्या तमिळ मित्राच्या नावाने हाक मारतात. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि दाढी ठेवतो. बाई अतिशय प्रेमळ, दर नाताळात केक देतात. उद्या त्यांनी कुठे शपथेवर माझ्याकडे बोट दाखवलं तर त्या खरंच बोलत असतील, हीच माझी भीती.

इंग्लंडला शहाणा ठरवायचा मोह मात्र मला होत नाही. नाशिकनंतर दीड महिन्यातच मँचेस्टरजवळ एका स्त्रीवर बलात्कार झाला. तिने हल्लेखोराच्या गालावर नखांनी ओरबाडलं होतं. पोलिसांनी पकडलेल्या अँड्र्यू मॅल्किन्सनच्या चेहऱ्यावर तसा ओरखडा नव्हता, डीएनए पुरावाही नव्हता. तरी २००४ मध्ये मुख्यतः ओळखीवर तो दोषी ठरला आणि १७ वर्षं आत राहिला. जुलै २०२३ मध्ये अपील कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. टर्नबुलचा नियम तेव्हा २८ वर्षांचा होता.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. आतेने नेहमीप्रमाणे हात जोडलेली बाहुली पाठवली. अर्ध्या तासाने दादाचा मेसेज आला, "म्हणजे ती बाई खोटं बोलली असं म्हणायचंय का तुला?"

'नाही' एवढंच टाइप केलं, तेवढ्यात त्याचा फोनच आला.